तळमजला धरून चार

सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एका विमा कचेरीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. आत माणूस नव्हता, म्हणजे घाई नव्हती. दुरुस्तीला आलेला तो गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, वॉचमन खाली, आणि मधे फोन. "चौथ्यावर पाटी लाव, दाराजवळ कोणाला उभं राहू देऊ नकोस," त्याने सांगितलं आणि हाताने चाक फिरवून लिफ्ट सरकवायला घेतली. काम संपवून जिन्याने उतरताना त्याला दिसलं, की ज्या दारामागे मघापर्यंत नुसती पोकळी होती त्याच दाराला टेकून दोन मुली फायली कवटाळून गप्पा मारत होत्या. पाटी कुठेच नव्हती. त्याने मुलींना बाजूला केलं आणि तिथूनच हाक मारली. वॉचमन वरच्या मजल्यावरून उतरत आला, पाटी काखेत.

"लावली होती की साहेब. चौथ्यावर."

"मग हा कोणता?"

"हा तिसरा. तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा." वॉचमनने एकेक बोट दुमडत मोजून दाखवलं. "तुम्ही तळमजला धरून मोजता का? तसं असेल तर आधी सांगायचं ना, माझा काय गुन्हा?"

"आमच्या पॅनेलवर तळमजला म्हणजे एक," तो म्हणाला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्याने किती वॉचमनना ऐकवलं असेल याला गणती नव्हती. नव्या वॉचमनला ते एकदा सांगावं लागतं, मग तो शहाणा होतो. आज ते बोलताना त्याने स्वतःही ऐकलं. कठडा धरून तो पायरीवर बसला.

"पाणी आणू का साहेब? लिफ्ट पडली असती काय?"

"लिफ्ट अशी पडत नाही," तो म्हणाला. हेही सवयीचं वाक्य होतं. वॉचमन पाणी आणायला गेला तेव्हा त्याने डोळे मिटले आणि पुन्हा एकदा, साडेतीन महिन्यांपूर्वीसारखा, उजव्या हाताने भिंत चाचपत मनात आपल्या इमारतीचा जिना चढू लागला. एक, हे फाटकातून आत आल्यावरचं दार, नर्सबाईंचं, तळमजला. दोन, फोमवाल्याचं, आतून धडधड आवाज येणारं, हात लागताच चटका बसलेलं. तीन. चार. चार म्हणजे आपण. दार नुसतं ओढून घेतलेलं, ढकललं की उघडणारं, समोर सात पावलांवर खिडकीखाली खाट. तो चुकलाच नव्हता. त्याने अगदी बरोबर मोजलं होतं, रोज मोजतो तसं.

आजपर्यंत तो स्वतःशी म्हणत आला होता, धुरात मजला चुकला. त्या म्हणण्यात दोष धुराचा होता आणि धूर कोणाचा नसतो. फार तर फोमवाल्याचा, ज्याने पहिल्या मजल्यावरच्या राहत्या घरात गाद्यांचे फोम छतापर्यंत रचून ठेवले होते आणि जो आता कोर्टाच्या तारखांना जात होता. आग लागली ती सकाळी दहाला, जिन्यातली माणसं कामाला गेल्यावर. तो खाटेवरच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं औषध आणायला कोपऱ्यावर गेला होता, वीस मिनिटंही झाली नसतील. परत आला तर जिन्याच्या तोंडातून काळा धूर जाड दोरासारखा बाहेर पडत होता आणि लोक वर बघत उभे होते. त्याने रुमाल नळाखाली धरला, तोंडाला बांधला आणि आत शिरला. अंधाराची त्याला भीती नव्हती. लिफ्टच्या विहिरीत उभं राहून हाताने तारा ओळखणारा माणूस तो. कदाचित थोडी घमेंडही असेल. डोळे उघडून उपयोग नाही हे कळताच त्याने ते मिटून घेतले आणि जिथे डोळे चालत नाहीत तिथे तो जसा मोजतो तसा मोजायला लागला. नेमकं हेच आता त्याच्या लक्षात येत होतं. डोळे उघडे असते तर तो घरी जाणारा माणूस राहिला असता. मिटल्याबरोबर तो कामावर होता.

वॉचमनने आणलेलं पाणी त्याने पिऊन टाकलं. नोंदवहीत काय दुरुस्त केलं ते लिहिलं, मजल्याच्या रकान्यात चार लिहिलं, मग कंसात तीन लिहिलं, आणि सही करताना त्याला आठवलं की त्या दिवशी खोलीत त्याच्या गुडघ्याला काहीतरी लोखंडी लागलं होतं. पुढे दोन आठवडे तिथे काळंनिळं होतं. त्याच्या घरात गुडघ्याच्या उंचीचं लोखंडी काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर शिंप्याचं जुनं शिलाई मशीन होतं, पायाने चालवायचं. हे त्याला तेव्हा, त्या क्षणी कळायला हवं होतं, आणि नंतरही साडेतीन महिने गुडघ्याला तेल चोळताना कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं.

दोन्ही घरांत खाट खिडकीखालीच होती, कारण दोन्ही खाटा नर्सबाईंनी लावून घेतल्या होत्या. उजेड हवा, वारा हवा. दिवसा दाराला कडी नाही हाही त्यांचाच नियम, कारण दुपारी ड्यूटीवरून आल्या की त्या आधी तिसऱ्यावर शिंप्याच्या आईला बघायच्या, मग चौथ्यावर ताईला. शिंप्याची आई आठ वर्षांपासून खाटेवर, ताई सहा. ताईचं खुब्याचं हाड मोडलं, यजमान आधीच गेलेले, मूल नाही, म्हणून तो तिला घेऊन आला. चार जणांनी खुर्चीत बसवून वर चढवली तेव्हा प्रत्येक वळणावर ती ओरडत होती, "जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतीत लिफ्टा बसवल्यास, आणि राहायला घर घेतलंस ते बिनलिफ्टचं! शहाणा आहेस अगदी!" चारही जण इतके हसले की तिसऱ्यावर खुर्ची टेकवावी लागली. त्यानंतर ती खाली उतरली ती एकदाच.

मोजायला त्याला ताईनेच शिकवलं होतं. ती पंधरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि ती लग्नाला आलेली, आणि लग्न तिने पुढे सहा वर्षं लांबवलं. लहानपणीच्या घराला बाहेर नऊ पायऱ्या होत्या. तो खाली उभा राहून जमिनीवर पाय आपटायचा आणि म्हणायचा, एक. "अरे, उभा आहेस ते कसं मोजशील? पाय उचललास की एक," ती म्हणायची. त्याला ते पटत नसे, कारण त्याने पाय आपटलेला असायचा, आवाज झालेला असायचा. ती पुन्हा त्याला खाली न्यायची. पुढे नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने तिला पत्रात लिहिलं होतं, की आमच्याकडे उभं असतो तेही मोजतात, म्हणजे मीच बरोबर होतो. तिने उलट टपाली लिहिलं, पगार वेळेवर देतात ना, मग काय वाटेल ते मोज.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा जिन्यात रंगाचा वास अजून होता. पहिल्यापासून चौथ्यापर्यंत भिंती नव्याने पांढऱ्या झाल्या होत्या आणि म्हणूनच काही ठिकाणी जुनी काजळी आरपार उमटत होती. तिसऱ्यावर शिंपी दारातच उभा होता, गळ्यात टेप, कानावर खडू. बहुधा त्याच्या पावलांची वाट बघत.

"उद्या साडेबाराला. विसरलो म्हणायचं नाही."

"यंदा पाळी आमची होती," तो म्हणाला. वर्षाखेरच्या सुट्टीला जिन्यातली सगळी घरं एका घरी एकत्र जेवत, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा, आणि दर वर्षी मजला बदलायचा. खाटेवरच्या दोघींची ताटं जागेवर पोचवली जात.

"तुमची पाळी आम्ही घेतली. आता तुमचं आमचं काय राहिलंय?" शिंपी म्हणाला. "आईने सांगितलंय, टेबल माझ्या खाटेपाशी लावा, मी सगळ्यांबरोबर जेवणार. आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणाली असं. आणि मी दोन शब्द बोलणार आहे. नाही म्हणू नका. मला बोलता येत नाही, पण बोलणार."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माणूस स्वतःची बहीण वर असताना दुसऱ्याच्या आईचं खोकणं ऐकून थांबतो, आणि आम्ही नुसतं जेवून हात धुवायचे?"

आतून शिंप्याची बायको म्हणाली, "अहो, त्यांना आधी वर जाऊ द्या. दमून आलेत. भावजी, नवा शर्ट घाला हं उद्या."

तो वर आला. खोकणं ऐकून थांबला, ही गोष्ट कोणी सुरू केली ते त्याला माहीत नव्हतं. तो दवाखान्यात ऑक्सिजनवर होता तेव्हा ती तयार झाली असावी. बाहेर आला तेव्हा ती पूर्ण होती, तिला कंगोरे होते, फोमवाल्याविरुद्धच्या जबाबातही कोणीतरी ती सांगितली होती. मग डबे यायला लागले. रोज एका घरातून. मग शिंप्याने नजरेनेच माप घेऊन दोन शर्ट शिवले, जे इतके नीट बसले की त्याला आरशासमोर लाज वाटली. त्याने काही सांगितलं नाही. आधी घसा बोलू देत नव्हता. नंतर ताईचे दिवस चालू होते आणि लोक हळू आवाजात बोलत होते. त्यानंतर उशीर झाला होता. पण त्या गोष्टीत एक फार वाईट गोष्ट होती आणि ती फक्त त्यालाच दिसत होती. त्या गोष्टीप्रमाणे त्याने ताईला निवडून मागे ठेवलं होतं. लोक त्याबद्दल त्याचे आभार मानत होते.

खाटेवरून चादरीत गुंडाळून खाली आणल्यावर अंगणात त्याने ती चादर उलगडली तो क्षण तो सहसा मनात पूर्ण होऊ देत नसे. आज तो झाला. चादरीतून आधी पांढरे केस निघाले, मग कपाळ, मग एक अनोळखी तोंड, काजळीने माखलेलं, डोळे उघडे आणि सरळ त्याच्याकडे बघणारे. आजूबाजूला लोक ओरडत होते, वाचली, वाचली. आणि त्याला त्या म्हाताऱ्या बाईचा संताप आला होता. दुसरा कोणताही शब्द तिथे बसत नव्हता. ती ताईच्या जागी होती. तो पुन्हा जिन्याकडे धावला तेव्हा बंबवाल्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरून जमिनीवर दाबून ठेवलं. ताई त्यांना खोलीच्या दारात मिळाली. सहा वर्षांत जी एकटी कुशीवर वळली नव्हती ती खाटेवरून उतरून सात पावलं सरपटत आली होती.

दुसऱ्या दिवशी त्याने नवा शर्ट घातला, बाजारातून आणलेली फळं पिशवीत घेतली आणि साडेबाराला खाली उतरला. शिंप्याचं कापड बेतायचं लांब टेबल खाटेला लावून ठेवलं होतं. वरच्या चादरीतून कडेच्या मापपट्टीचे आकडे पुसट दिसत होते. दुसऱ्या मजल्यावरचे पोस्टमन आणि त्यांची बायको आधीच बसले होते. नर्सबाई मोठं पातेलं घेऊन आल्या, आणि पोस्टमननी झाकण उचलून वास घेतला.

"बाई, यंदा मीठ घातलंय ना?"

"गेल्या वर्षी तुम्ही तीनदा वाढून घेतलंत, तेव्हा नाही आठवलं मीठ?"

"मी म्हटलं, शेवटी तळाशी असेल."

सगळे हसले, जरा जास्तच. मग शिंप्याच्या बायकोने, वहिनींनी, भात आणला, वाफ आली, खुर्च्या सरकल्या, आणि एक खुर्ची रिकामी राहिली जी कोणी मुद्दाम ठेवली नव्हती पण काढलीही नाही. उशांना टेकवून बसवलेली म्हातारी त्याच्या बरोबर समोर होती. धुतलेलं तोंड, विंचरलेले केस. साडेतीन महिन्यांत तो या दारावरून रोज चार वेळा गेला होता आणि आत आला नव्हता. तीही त्याच्याकडे तसंच बघत होती, अंगणात बघितलं तसं.

शिंपी उभा राहिला. भाताचा चमचा त्याच्या हातातच होता. "मला बोलता येत नाही," त्याने सुरुवात केली. "माझा बाप शिंपी, मी शिंपी. आम्ही गप्प बसून काम करणारी माणसं. पण आज हे घर भरलेलं दिसतंय, आई जेवायला बसलीय, ते ज्या माणसामुळे, तो माणूस... त्याने स्वतःची सख्खी बहीण वर असताना..."

"मी तिलाच आणायला आलो होतो," तो म्हणाला.

शिंपी थांबला. "म्हणजे?"

"ताईलाच. खोकणं वगैरे मी काही ऐकलं नाही. माझा मजला चुकला. आमच्या कामात तळमजला धरून मोजतात. मी चार मोजले आणि आत आलो. मला वाटलं हे आमचं घर आहे. मला वाटलं ही ताई आहे." आवाज नोंदवहीतल्यासारखा कोरडा येत होता आणि तो त्याला बदलता येत नव्हता. "अंगणात चादर काढल्यावर मला कळलं. मी थांबलो नव्हतो. माहीत असतं तर थांबलो नसतो."

पोस्टमनची बायको ताटाकडे बघू लागली. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, धुरात कोणालाही..." शिंपी चमचा धरून तसाच उभा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. माप चुकून कापड कापलं गेल्यावर होतो तसा तो दिसत होता.

"मला माहीत होतं," म्हातारी म्हणाली.

"आई, तू नको बोलूस. दम लागतो."

"लागू दे. मला तेव्हाच माहीत होतं. खोलीत आला तो ताई, ताई करतच आला. मी काय कोणाची ताई? मला कोण ताई म्हणणारं उरलंय?" ती त्याच्याकडेच बघून बोलत होती. "मी तुझ्या मानेला हात घातले आणि गप्प राहिले."

"मीच म्हणालो होतो, बोलू नका, धूर जाईल तोंडात," तो घाईने म्हणाला.

"ते तू जिन्यात म्हणालास. त्याआधी खोलीत मला वेळ होता. दोन शब्द. मी ती नाही, एवढंच. माझ्या तोंडात आले होते. मी गिळले." तिने श्वास घेतला. "ऐंशी वर्षांची बाई मी. आठ वर्षं रोज म्हणत होते, देवा, ने आता. आणि तेव्हा तोंड दाबून बसले. का? तर बोलले तर हा मला खाली ठेवेल. सांग, ठेवलं असतंस ना?"

वहिनी म्हणाल्या, "सासूबाई, असं काय विचारता भरल्या ताटावर?"

"त्याला विचारतेय. तू गप्प बस."

बाकी कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं, हे त्याला जाणवलं. पोस्टमन खिडकीकडे बघत होते, नर्सबाई पातेल्याकडे, शिंपी खाली टेबलावर. फक्त ती बघत होती. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर सगळ्यांना जेवता आलं असतं. आणि ते खरंही असू शकलं असतं. माणूस तेवढ्या धुरात काय करेल हे कोण सांगणार. पण त्याला ते आठवत होतं, चादर उलगडतानाचं. तिने ते पाहिलं होतं. या टेबलाशी ते पाहिलेलं एकच माणूस होतं आणि ते एवढे दिवस या खिडकीखाली एकटं पडून होतं.

"हो," तो म्हणाला. "ठेवलं असतं."

म्हातारीने डोळे मिटले. उशीवर मान टेकवली. शिंप्याने मग हातातल्या चमच्याने त्याच्या ताटात भात वाढला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, न बघता. भात ताटाच्या कडेवरून चादरीवर सांडला. कोणी पुरे म्हटलं नाही. त्यानेही म्हटलं नाही. वाढून झाल्यावर शिंपी खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"दिसायला कशी होती रे ती?" म्हातारीने डोळे न उघडता विचारलं. "सहा वर्षं माझ्या डोक्यावर राहिली. तिची खाट करकरायची ते मला ऐकू यायचं. माझं खोकणं तिला ऐकू जात असेल. मी तिला एकदाही पाहिलं नाही."

हे कोणी विचारलं नव्हतं. साडेतीन महिने सगळे त्याच्याबद्दलच बोलत होते. त्याने ताईचं तोंड आठवायचा प्रयत्न केला आणि नेहमीप्रमाणे चादरीतून निघालेलं काजळी लागलेलं तोंड पुढे आलं. पण ते आता समोर होतं, धुतलेलं, म्हातारं, दमलेलं, आणि समोर होतं म्हणून हळूहळू मनातून बाजूला झालं. त्यामागे ताई होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हसण्याआधी खालचा ओठ दाताखाली धरायची.

"तुमच्यापेक्षा सावळी," तो म्हणाला. "केस तुमच्याहून कमी पिकलेले. तोंडाने फटकळ होती." त्याने ताटाबाहेर सांडलेला भात बोटांनी गोळा केला. "आणि हलकी. फार हलकी. तुमच्याएवढीच."